‘तुझ्याकडे बघून वाटत नाही तू फॅशन शिकतेस’

ताई,
मी फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या मुली रोज काहीतरी नवं घालून येतात. माझे पैसे कापड, कागद, दोरे आणि प्रिंटआउट यांतच संपतात. उरलेल्यातून मी सेलमध्ये स्वस्तातलं काहीबाही घेते. कपाट भरलंय, तरी रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर उभी राहते आणि शेवटी तीच राखाडी पँट, तोच निळा शर्ट अडकवून पळते. मागच्या आठवड्यात प्रोजेक्ट दाखवताना एक शिक्षिका म्हणाल्या, “तुझ्याकडे बघून वाटत नाही तू फॅशन शिकतेस.” सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. स्वतःची स्टाइल शोधायची कशी? सरळ सगळं काळंच घालू का? एकच महाग वस्तू घ्यावी की स्वस्त चार? वापरलेले कपडे घेतले तर कुणाला कळेल का? आणि एक, मावशीने तिचा जुना लोकरीचा कोट मला दिलाय. कापड सुंदर आहे, पण खांदे चार बोटं मोठे. तो तसाच टांगून ठेवलाय.
— कपाटासमोर उभी

कपाटासमोर उभी असलेल्या मुली,

पहिल्यांदा त्या वाक्याचा निकाल लावू, नाहीतर बाकीचं काही तुझ्या कानात शिरायचं नाही. चारचौघांत असं बोलणं बरं नव्हे, आणि तू हसलीस ते अवघडून हसलीस, हे मला पत्रातूनही कळलं. पण ते वाक्य खरं तरी आहे का? डिझायनर जॉर्जिओ अर्मानी वर्षानुवर्षं शो संपल्यावर गडद निळ्या स्वेटरमध्ये किंवा टी-शर्टमध्ये लोकांसमोर यायचे. डिझायनर कॅरोलिना हेरेरा म्हटलं की पांढरा शर्ट डोळ्यांसमोर येतो. आणि बिल कनिंगहॅम! न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर सायकलवरून फिरत त्यांनी कित्येक दशकं लोकांच्या कपड्यांचे फोटो काढले. ते स्वतः काय घालायचे, तर फ्रान्समधले कामगार घालतात तसं निळं सुती जॅकेट. भरपूर खिसे आणि धुवायला सोपं, एवढ्यावर त्यांची निवड झालेली. पावसाळी पोंचो फाटला की त्याला चिकटपट्टी लावायचे. यांच्यातल्या कुणाकडेही ‘बघून वाटलं’ नसतं.

तरीही त्या वाक्यातला एक दाणा मी वेचून ठेवीन. कदाचित बाईंना एवढंच म्हणायचं असेल की तुझ्या कपड्यांवर तुझा हात फिरलेला दिसत नाही. तसं असेल तर तो मुद्दा नव्या खरेदीने सुटणारा नाही. तुझ्या वर्गातल्या त्या रोज नवं घालणाऱ्या मुलींच्याही कपड्यांवर त्यांचा हात फिरलेला नसणार. दुकानाचा फिरलेला असतो.

आता तुझ्याच पत्रातली एक ओळ तुला परत वाचून दाखवते. ‘शेवटी तीच राखाडी पँट, तोच निळा शर्ट.’ तू हे रडगाणं म्हणून लिहिलंस. मला त्यात तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसलं. कपाटातल्या सगळ्या गर्दीतून घाईच्या क्षणी तुझा हात ज्या दोन कपड्यांकडे जातो, ते तू विचार न करता निवडलेत, म्हणजे खरं निवडलेत. बाकीचे सेलने निवडले.

तर हे दोन कपडे पलंगावर पसर आणि एखाद्या परक्याच्या कामाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघ. पँटची कंबर कुठे बसते? पाय सरळ खाली येतो की घोट्याशी निमुळता होतो? शर्टाचं कापड अंगाला चिकटतं की अंगापासून सुटून राहतं? चमक आहे की नाही? बाह्या दुमडल्यावर जागेवर राहतात का? वर्गात तू दुसऱ्याच्या कपड्याचं असं पृथक्करण करतेस की नाही, मग स्वतःच्या का नाही? आणि मग न घातलेल्या ढिगातले पाच कपडे काढ आणि तेच प्रश्न विचार. माझा अंदाज सांगते: तुला अंगापासून थोडं सुटलेलं, बिनचमकीचं, सरळ रेषेतलं कापड आवडतं, आणि तू विकत मात्र आणतेस चिकटणारं, चकाकणारं, पातळ. अंदाज चुकला तर चुकला, पण फरक काहीतरी निघेलच.

पुढचे दोन आठवडे एक कर. रोज रात्री फोनमध्ये दोन ओळी लिही: आज काय घातलं, आणि दिवसात कधी त्याचा वैताग आला. ‘अकरा वाजता कंबर टोचायला लागली.’ ‘मशीनवर बसले तर बाही सारखी पुढे यायची.’ ‘कुणी काही म्हणालं नाही पण मला छान वाटत होतं.’ जमलं तर रोज एक फोटो, आणि तो पाठमोरा सुद्धा. आपण आरशात स्वतःला समोरून बघतो, जग आपल्याला निम्मा वेळ मागून बघतं. त्यातले काही फोटो कृष्णधवल करून बघ. रंग गेला की लांबी-रुंदीचा तोल उघडा पडतो: वरचा भाग आणि खालचा भाग अगदी निम्मे-निम्मे कापले गेलेत की एक लांब, एक आखूड आहे. तुझ्यावर कुठला तोल शोभतो हे तुला त्या चौदा फोटोंतून माझ्यापेक्षा चांगलं कळेल. मी तर तुला पाहिलेलंही नाही.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. तू शिवणं शिकतेस. ज्या गोष्टीसाठी बाकीची माणसं पैसे मोजतात ती तुझ्या बोटांत येतेय, आणि तू ती फक्त मार्कांसाठी वापरतेस! स्वस्त कपडा स्वस्त दिसतो तो बहुतेकदा कापडामुळे नाही, तर तो अंगावर बसलेला नसतो म्हणून. कारखान्यात एक माप हजारोंसाठी कापलं जातं. ते कुणालाच नीट बसत नाही, थोडंथोडं सगळ्यांना चालतं एवढंच. तो चालण्यातून बसण्यापर्यंतचा फरक तू एका रविवारी भरून काढू शकतेस.

तुझ्या निळ्या शर्टापासूनच सुरुवात कर. तो उलटा करून अंगावर घाल आणि मैत्रिणीला टाचण्या दे. उलटा अशासाठी की शिवणी वर येतात आणि टाचता येतात. आधी खांद्याची शिवण बघा. ती तुझ्या खांद्याच्या हाडाच्या टोकाशी येत असेल तर नशीब समज, कारण खांदा सोडून शर्टातलं जवळजवळ सगळं सुधारता येतं. कमरेत ढगळ असेल तर पाठीत दोन उभे डार्ट, म्हणजे कापड चिमटीत धरून घातलेल्या निमुळत्या शिवणी; प्रत्येकी अर्धा-पाऊण इंचाचे पुरतात, जास्त घेतलेस तर पाठ फुगते. बगलेपासून खाली बाजूची शिवण आत घ्यायची असेल तर मुंढ्याच्या, म्हणजे बाही जिथे जोडलेली असते तिथल्या शिवणीला हळूहळू जाऊन मिळेल अशी घे. मुंढा आवळला की हात वर करताना अख्खा शर्ट वर येतो. कच्चे टाके घाल, घालून बस, वाक, हात वर कर, बॅग खांद्याला लावून बघ. मगच मशीन. आणि जादा कापड लगेच कापू नकोस. एक महिना आत राहू दे. शिवणीत माया, म्हणजे असं जादा कापड, ठेवलेली असली की चूक परत फिरवता येते.

कॉलरची कड झिजली असेल तर तीसुद्धा फेकायचं कारण नाही. जिथे कॉलर स्टँडमध्ये, म्हणजे मानेभोवतीच्या पट्टीत शिवलेली असते तिथे उसवायची, कॉलर उलटी करायची, झिजलेली बाजू खाली जाते, आणि परत शिवायची. एके काळी शर्ट शिवणाऱ्यांकडचं हे रोजचं काम होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जून 1941 पासून कपड्यांचं रेशनिंग आलं, पहिल्या वर्षी माणशी 66 कूपनं. सरकारने 1943 मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिकाच काढली, आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करा म्हणून. त्याच काळात चुण्या किती, बटणं किती, खिसे किती यावर बंधनं आली, आणि नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीस यांच्यासारख्या डिझायनरांनी त्या बंधनांत कपडे बेतून दिले. तुला त्या काळातल्या एखाद्या साध्या सूटचा फोटो सापडला तर बघ. सजावट जवळजवळ नाही, सगळा भार खांदा, कंबर आणि लांबीवर. बजेट कमी असलेल्या माणसाने अभ्यास करावा असं काही असेल तर ते हे. मी तरी चमचमत्या शोपेक्षा तिथून जास्त शिकले.

बटणं बदलणं हा सगळ्यात स्वस्त कायापालट. पण सगळी एकाच मापाची घे, काजांच्या मापाची. मोठं बटण बसवायला काज फाडू नकोस.

सगळं काळं घालू का, विचारतेस. जवळजवळ प्रत्येक फॅशनच्या वर्गात हा विचार एकदा येऊन जातो. त्याला थोडा इतिहासही आहे. 1981 मध्ये रेई कावाकुबो आणि योजी यामामोटो हे जपानी डिझायनर पॅरिसमध्ये आले तेव्हा त्यांच्या काळ्या, सैल, फाटल्यासारख्या कपड्यांनी तिथली मंडळी हबकली होती. त्यांचा काळा म्हणजे आळस नव्हता. रंग काढून टाकला की काप आणि कापडाचा पोत यांशिवाय बघायला काही उरत नाही, तो त्यांचा डाव होता. आपण मात्र काळा घेतो लपायला. हरकत नाही, लपावंसं वाटतं एखाद्या वर्षी. फक्त दोन व्यावहारिक गोष्टी लक्षात ठेव. स्वस्त काळे कपडे चार-सहा धुण्यांत वेगवेगळ्या रंगांचे होतात: एक तपकिरी छटेवर जातो, एक निळसर, एक राखाडी. मग काळ्यावर काळं घातलंस की विटकं दिसतं. गडद निळा किंवा राखाडी वय झालं तरी समजूतदारपणे म्हातारा होतो. दुसरं, तू दिवसभर खडू, धागे, कापडाच्या कण्या यांत वावरतेस. काळ्या पँटवर त्यांचं प्रदर्शन भरतं.

काळ्यावरून माझी एक फजिती सांगते. शिकत असताना मी एक पांढरा सुती शर्ट घरी काळा रंगवला. कापड झकास रंगलं. शिवणीचा दोरा मात्र पॉलिस्टर. सुती कापडाचा रंग पॉलिस्टर घेतच नाही, त्यामुळे काळ्या शर्टावर कॉलर, खिसा, कफ सगळीकडे पांढऱ्याशुभ्र टाक्यांच्या रेघा. रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी दुसरं काही धुतलेलं नव्हतं म्हणून तोच घालून गेले, आणि तीन जणांनी विचारलं, हे टॉपस्टिच, ही वरून दिसणारी टीप, कुठून करून घेतलीस? मी काय सांगितलं ते सांगत नाही. तू मुद्दाम कर. पण कपड्याचं लेबल आधी वाच: कापडच पॉलिस्टर असेल तर हा रंग फुकट जाईल.

‘मोजके कपडे, सगळे एकमेकांत मिसळणारे’ हा सल्ला तुला ठिकठिकाणी मिळाला असेल. 1970 च्या दशकात लंडनमध्ये सुझी फॉ यांनी ही कॅप्सूल वॉर्डरोबची कल्पना रुजवली, 1985 मध्ये डिझायनर डोना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच काढून ती गाजवली. कल्पना चांगली आहे. पण ती नोकरीवर जाणाऱ्या, स्वतःची आवड ठाऊक असलेल्या बाईसाठी होती. तू विसाच्या आसपासची आहेस. तुझं चुकायचं वय आहे. पंधरा फिकट रंगांचे कपडे घेऊन बसलीस तर दोन वर्षांनी तुला स्वतःबद्दल काही नवं कळलेलं नसेल. माझं म्हणणं, खालचे कपडे मोजके आणि शहाणे ठेव, पँट, स्कर्ट, बूट, आणि जोडीला जॅकेट; वेडेपणा वरच्या कपड्यात कर. वरच्याला कापड कमी लागतं, चुकलं तर तुकडा वाया जातो, थान नाही.

महाग एक की स्वस्त चार? ‘किंमत भागिले किती वेळा घातलं’ हा हिशोब तू ऐकला असशील. दहापट महाग शर्ट दोनशे वेळा घातलास आणि स्वस्तातला सहाच वेळा, तर दर वेळचा खर्च स्वस्ताचा तिपटीहून जास्त पडतो. गणित बरोबर आहे, पण ते दुकानात उभं राहून करायचं नाही. तिथे आपण सगळेच म्हणतो, ‘मी हे दोनशे वेळा घालणार!’ ते घरी, घातलेल्या कपड्यांवर कर. तुझी राखाडी पँट तू किती वेळा घातलीस? बहुधा शंभरच्या वर. मग पैसे साठतील तेव्हा त्या पँटच्याच जातीची, पण जास्त चांगल्या कापडाची पँट घे. ज्या प्रकारचा कपडा तू अजून अंगावर वागवलेला नाहीस, तो महागाचा घेऊ नकोस, कितीही मोहात पडलीस तरी. पहिला कोट महागाचा नको, तिसरा चालेल.

किमतीच्या चिठ्ठीपेक्षा हाताने तपास. कापड मुठीत दहा मोजेपर्यंत दाबून सोड. सुरकुत्या तशाच राहिल्या तर रोज इस्त्री करायची तयारी आहे का ते स्वतःला विचार. उजेडासमोर धर. ताण देऊन सोड, परत जागेवर येतंय का बघ. कपडा उलटा कर आणि एका इंचात टाके मोज: दहा-बाराच्या आसपास असतील तर शिवणाऱ्याला घाई नव्हती. सहा-सातच असतील तर शिवण पहिल्या ताणाला तोंड उघडेल. आत माया बोटभर तरी आहे का? नुसती ओव्हरलॉकची, म्हणजे कापून धाग्यांनी गुंफलेली कड असेल तर तो कपडा आत घेता येईल, सोडता येणार नाही. चौकटी किंवा पट्टे बाजूच्या शिवणीवर जुळलेत का? जुळवायला कापड जास्त लागतं, त्यामुळे जिथे जुळवलेत तिथे कुणीतरी खर्च केलेला असतो. हे सगळं तपासायला चार मिनिटं लागतात, आणि सेलमधल्या निम्म्या वस्तू परत हँगरवर जातात. ट्राय-रूमच्या रांगेतली माणसं वैतागतील, वैतागू देत.

वापरलेले कपडे. कळेल का कुणाला? अगं, कळू दे. डिझायनर मार्टिन मार्जिएला यांनी जुन्या वस्तूंतून नवे कपडे बांधून आख्खा नावलौकिक मिळवला. सैनिकांच्या लोकरी मोज्यांचा त्यांचा स्वेटर तू अभ्यासात पाहिला असशील: मोज्याची टाच बरोबर कोपरावर आणि छातीवर आणलेली, म्हणजे जिथे शरीराला फुगवटा लागतो तिथे आधीच विणलेला फुगवटा. खर्चाच्या दृष्टीने काय, मोजे! डोक्याच्या दृष्टीने मी त्याला शंभरपैकी शंभर देईन. तू जुना कपडा घेतेस त्यात लाजण्यासारखं एवढंच, की घेऊन त्याचं काही केलं नाहीस तर.

जुन्या कपड्यात एक गुण असतो, जो नव्यात नसतो. जे आटायचं ते आटलेलं असतं, जे फिकायचं ते फिकलेलं. पुढे काय होणार ते समोर दिसतं. पण चोखंदळ राहा. बगल, मांडीची शिवण, कॉलरची आतली बाजू, कोपर एवढं आधी बघ. लोकरीचा असेल तर उजेडासमोर धरून कसरीची भोकं शोध. ताणणाऱ्या कापडातला ताण गेला असेल, गुडघा पुढे येऊन तसाच राहत असेल, तर सोडून दे. मेलेल्या इलॅस्टेनला, म्हणजे त्यातल्या ताणणाऱ्या धाग्याला, औषध नाही. पॉलिस्टरमध्ये घामाचा वास सुतीपेक्षा जास्त मुरतो, बगलेत नाक घालून बघायला लाजू नकोस. लेबलवरच्या मापावर अजिबात विश्वास ठेवू नकोस. तुझ्या त्या निळ्या शर्टाचा खांदा, छाती आणि लांबी, राखाडी पँटची कंबर, बैठक आणि पायाची आतली लांबी ही सहा मापं सपाट पसरून टेपने घे, फोनमध्ये ठेव आणि खरेदीला टेप घेऊन जा. ट्राय-रूम नसली तरी अडत नाही.

तेच तेच कपडे परत घातले तर? घाल. लोक म्हणतात तितकं कुणी मोजत नाही. आणि मोजणारा मोजत असेल तर त्याच्याकडे वेळ बराच आहे. पण परत घालताना एक खेळ खेळ. सोमवारी शर्ट आत खोचलेला, बुधवारी तोच सगळी बटणं उघडी ठेवून टी-शर्टवर जॅकेटसारखा, शुक्रवारी त्याच्यावर बिनबाह्यांचा स्वेटर आणि फक्त कॉलर-कफ बाहेर. एका शर्टाची तीन रूपं शोधणं हा स्टायलिंगचा जितका चांगला सराव आहे तितका नवे तीन शर्ट आणून होत नाही. रविवारी रात्री आठवड्याचे पाच संच लावून ठेवलेस तर ते सकाळचे अर्धे तासही परत मिळतील. त्यात झोप.

रोजच्या दिवसाचाही विचार कर, तू वर्गात जातेस, पार्टीला नाही. कटिंग टेबलवर वाकायचं, ड्रेपिंगला, म्हणजे पुतळ्यावर कापड बेतायला, तासन्‌तास उभं राहायचं, इस्त्रीजवळ घामाघूम व्हायचं. खाली लोंबणाऱ्या बाह्या आणि लांब स्कार्फ मशीनच्या जवळ धोक्याचे. टेप, खडू, छोटी कात्री मावेल असे खिसे हवेत. खिशांवरून आठवलं: जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यांवरचे तांब्याचे रिवेट शोभेचे वाटतात, पण 1873 मध्ये जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी त्यांचं पेटंट घेतलं ते कामगारांचे खिसे तिथेच फाटायचे म्हणून. तुझा कपडा सारखा कुठे फाटतो ते बघ आणि तिथे दुहेरी टीप घाल, ठिगळ लाव, उठून दिसेल अशा दोऱ्याने रफू कर. बाईंना जो तुझा हात दिसला नव्हता तो असा दिसेल, तेही रोज.

एक मात्र आवर. हातात कला आली की सगळंच स्वतः करून घालावंसं वाटतं, आणि मग माणूस चालतंबोलतं प्रोजेक्ट दिसायला लागतं. अंगावर एका वेळी एकच गोष्ट बोलकी असू दे. बदललेली बटणं असतील तर बाकी गप्प.

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी काय घालायचं, हे तू विचारलं नाहीस, पण पुढच्या वेळी तेच पहिलं डोक्यात येईल. आधी घालून झालेलं, ज्यात तुला हात पूर्ण वर करता येतो असं काहीतरी, आणि तुझ्या प्रोजेक्टच्या फलकावरच्या रंगांशी भांडणार नाही असं. नवे बूट मुळीच नाहीत. आदल्या रात्री कपड्यांवर घालवलेला प्रत्येक तास तू कामातून काढतेस, ते मार्कांत दिसतं. कपड्यांत दिसत नाही.

राहिला मावशीचा कोट, ज्याच्यासाठी खरं तर मी हे पत्र निवडलं.

चार बोटं म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून अडीच-तीन इंच. शिवलेल्या कोटाचा खांदा आत घेणं हे दुरुस्तीतल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक. बाही पूर्ण काढायची, मुंढा नव्याने कापायचा, आतला कॅनव्हास (आकार धरून ठेवणारं ताठ कापड) आणि पॅड त्याला जुळवायचं, आणि मग बाहीचा माथा एकही चुणी न पडता परत बसवायचा. दुसऱ्या वर्षाला हे कर असं मी म्हणणार नाही. पण कोट आत काय आहे ते बघायला हरकत नाही. बाहीच्या अस्तराची एक शिवण बहुधा हाताने किंवा कडेवरून वेगळ्या टाक्यांनी बंद केलेली दिसेल. कोट उलटवण्यासाठी ठेवलेलं तोंड ते. तिथून उसव, प्रत्येक पायरीचा फोटो काढ आणि खांद्यापर्यंत हात घाल. कोट जर मोठ्या खांद्यांच्या फॅशनच्या काळातला असेल तर आत जाडजूड पॅड सापडेल. सध्या तेवढंच काढ, बाकी कशाला हात लावू नकोस, आणि अंगावर घालून बघ. टणक खांदा मऊ होऊन खाली उतरला की तोच कोट ‘मोठा’ न वाटता सैल वाटू शकतो. बाह्या लांब झाल्या तर अस्तर दिसेल अशा दुमड.

एवढ्याने नाहीच जमलं, तर मांजरपाटावर त्या खांद्याचा आणि बाहीच्या माथ्याचा नमुना उतरवून घे आणि तिथे दोनदा-तीनदा कापून शिवून बघ. कदाचित हेच तुझं पुढचं प्रोजेक्ट निघेल. आणि कोटाला कात्री लावायची वेळ आलीच तर आधी मावशीला फोन कर. तिने घालायला दिलाय. कापायला दिलाय का, ते तिलाच विचार. पॅड निघालं तर मला फोटो पाठव, कुठल्या काळचा कोट आहे ते दोघी मिळून ओळखू.